फळ्यांच्या वाटेवरून : यलोस्टोनमधले चार दिवस

पहिला दिवस

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पश्चिमेच्या प्रवेशद्वारातून आत शिरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, रात्री पारा शून्याखाली गेलेला, आणि रस्त्याच्या कडेनं वाहणाऱ्या मॅडिसन नदीवर धुक्याचा जाड थर. गाडीत आम्ही चौघं : मी, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. दारावरच्या रेंजरबाईंनी नकाशासोबत एक कागद दिला. भाच्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायसन आणि एल्क हरणं यांच्यापासून २५ यार्ड लांब राहा, अस्वलं आणि लांडगे यांच्यापासून १०० यार्ड. पुढे त्यानं हिशेबही करून टाकला, ‘‘मावशी, पंचवीस यार्ड म्हणजे दोन बस एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढं.’’

अर्ध्या तासात त्या दोन बसचा उपयोग झाला. पुढच्या सगळ्या गाड्या थांबलेल्या होत्या आणि रस्त्याच्या मधोमध बायसनचा कळप चालत होता. आपण गव्याला चुकून ‘इंडियन बायसन’ म्हणतो, पण हा प्राणी निराळाच. पुढचा भाग डोंगरासारखा, मागचा भाग जणू दुसऱ्याच कुणाचा, आणि दाढीवर गोठलेले दवाचे मणी. आमच्या खिडकीवरून एक नर गेला तेव्हा त्याचा श्वास ऐकू आला. गाडीत कुणी बोललं नाही. इतक्यात पुढच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले आणि मोबाइल समोर धरून त्याच्याकडे चालू लागले. दहा पावलांवर गेले. बायसननं शेपूट वर केली. ती वर गेली की समजायचं, आता तो धावणार. मागून कुणीतरी ओरडलं, ते गृहस्थ दचकले, मागे फिरले. चेहऱ्यावर उद्दामपणा अजिबात नव्हता. एखाद्या लहान मुलासारखे हरखले होते ते.

मग बहिणीनं २०१६ सालची हकीकत सांगितली. मे महिन्यात दोन पर्यटकांना लामार खोऱ्यात बायसनचं पिल्लू दिसलं. त्यांना वाटलं, थंडीनं कुडकुडतंय. त्यांनी ते उचललं, गाडीच्या मागच्या भागात ठेवलं आणि रेंजरच्या ठाण्यावर नेलं. रेंजरनी पिल्लाला पुन्हापुन्हा कळपाजवळ सोडून पाहिलं, पण कळप त्याला घेईना. पिल्लू माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे लागायला लागलं. शेवटी त्याला मारावं लागलं.

‘‘पण मावशी, त्यांनी तर मदतच केली ना?’’ भाच्यानं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. चारही दिवस तो प्रश्न माझ्यासोबत राहिला.

याच प्राण्यांची १९०२ साली या उद्यानात मोजणी झाली तेव्हा २३ भरले होते. खंडभर कोट्यवधींनी असलेल्या कळपांपैकी इथल्या दुर्गम दरीत लपून राहिलेले तेवीस. खासगी कळपांतून २१ आणून त्यांच्या जोडीला दिले, आणि आज इथे हजारोंनी बायसन आहेत. आमचा रस्ता अडवणाऱ्यांची संख्याच साठच्या वर होती. पाऊण तास खोळंबलो. आयुष्यात एवढा आनंद कुठल्या खोळंब्यानं दिला नसेल.

दुपारी नॉरिसला गेलो. उद्यानातला सर्वांत तापलेला भाग हा. १९६०च्या दशकात इथे जमिनीत भोक पाडून मोजमाप केलं तेव्हा सुमारे ३३० मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सियस तापमान भरलं होतं. जागा सुंदर म्हणवत नाही. राखेरी, दुधी, उघडीवाघडी, गंधकाचा वास, पायाखाली सतत घरघर. लाकडी फळ्यांची वाट सोडू नका, असं दर थोड्या अंतरावर लिहिलेलं. २०१६ सालीच इथे एक तरुण ती वाट सोडून गेला आणि उकळत्या आम्लधर्मी पाण्यात पडला. त्याला बाहेर काढायलाही काही उरलं नाही.

याच भागात ‘मिनिट गायझर’ आहे. गायझर म्हणजे जमिनीतून अधूनमधून उसळणारा उकळत्या पाण्याचा झरा. एकेकाळी दर मिनिटाला उसळायचा म्हणून हे नाव. तेव्हा मुख्य रस्ता त्याच्या अगदी जवळून जायचा, घोडागाड्या थांबायच्या, आणि गाडीची वाट बघणारे लोक वेळ घालवायला त्याच्या तोंडात दगड टाकायचे. मुख्य तोंड बुजलं. दगड तिथेच खनिजांच्या थरानं चिकटून बसले; आता ते काढायचे तर यंत्रं लावून उरलेलाही भाग फोडावा लागेल. आम्ही गेलो तेव्हा बाजूच्या फटीतून थोडं पाणी बुडबुडत होतं. बहिणीचा नवरा एरवी कमी बोलतो. तो कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, दगड टाकणाऱ्या प्रत्येकानं एकच टाकला असेल.’’

दुसरा दिवस

पहाटे ओल्ड फेथफुलसमोरच्या बाकांवर आमच्याखेरीज दहाएक माणसं. हा गायझर साधारण दीड तासानं उसळतो. मागचा उद्रेक किती मिनिटं चालला यावरून रेंजर पुढची वेळ सांगतात आणि ती दहा मिनिटं इकडेतिकडे धरून बहुतेक वेळा बरोबर येते.

आधी दोनचार वेळा नुसते हुंदके आले. मग जमिनीतून पाण्याचा खांब उठला आणि चढतच गेला, मागून सूर्य आलेला, वाफ गुलाबी झालेली. कमीतकमी ३२ आणि जास्तीत जास्त ५६ मीटर उंची गाठतो म्हणतात. मी आकडे विसरले होते. माझ्या घशात काहीतरी दाटलं होतं आणि भाचा माझा हात गच्च धरून होता.

गायझर होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : खाली उष्णता, भरपूर पाणी, आणि जमिनीच्या पोटात एखादी अरुंद मान असलेली नळी. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचं पाणी उकळायच्या बिंदूपलीकडे तापूनही उकळत नाही. मग कुठेतरी थोडं पाणी वर सांडतं, दाब कमी होतो, आणि सगळं एका क्षणात वाफ व्हायला धावतं. उष्णता आणि पाणी पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणी आहे. ती नळी दुर्मीळ. ज्वालामुखीजन्य खडकातली सिलिका वर्षानुवर्षं तिच्या आतून लिंपली जाते तेव्हा ती दाब सोसण्याइतकी भक्कम होते. जगातल्या जागत्या गायझरपैकी निम्म्याहून अधिक या एका उद्यानात आहेत, पाचशेच्या वर. अशा नळीत ओंडका अडकला, दगड बसला, की खेळ संपला.

हे समजून घेतल्यावर जुन्या गोष्टी वाचवत नाहीत. १८७२ साली हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतर दहाच वर्षांनी एका लष्करी तुकडीतल्या लोकांनी ओल्ड फेथफुलच्या तोंडात मळके कपडे घातले. सुती कपडे धुऊन बाहेर आले, लोकरीच्या चिंध्या झाल्या. जवळच ‘रुमाल कुंड’ नावाचं एक कुंड होतं. त्यात रुमाल टाकला की तो आत ओढला जायचा आणि थोड्या वेळानं स्वच्छ होऊन वर यायचा. लोक रांगा लावायचे. १९२०च्या दशकात ते बंद पडलं.

उकळत्या पाण्याच्या आसपास आपल्या लाकडी फळ्यांची वाट वळणं घेत जाते. गायझर टेकडीवर ‘इअर स्प्रिंग’ आहे, कानाच्या आकाराचं निळंशार कुंड, एरवी अगदी शांत. सप्टेंबर २०१८मध्ये ते अचानक उसळलं, दहा मीटरच्या आसपास, आणि पोटात साठलेलं सगळं त्यानं बाहेर टाकलं. शंभरेक नाणी, सिगारेटची थोटकं, डबे, सिमेंटचा तुकडा, प्लॅस्टिकची नळी, आणि १९३०च्या दशकातली बाळाच्या तोंडात द्यायची चोखणी. त्या चोखणीचं चित्र मला पुसता येत नाही. कुठलीतरी आई कडेवर मूल घेऊन वाकली असेल. पडली चोखणी, गेली. बाळ रडलं असेल, पाच मिनिटांत विसरलं असेल. ते मूल म्हातारं झालं तरी वस्तू तिथेच.

साधारण सव्वादोन किलोमीटर चालल्यावर ही वाट ‘मॉर्निंग ग्लोरी’पाशी संपते. गारवेलीच्या निळ्या फुलासारखं दिसायचं म्हणून १८८०च्या दशकात हे नाव पडलं. जुन्या वर्णनांत सगळीकडे निळा रंग आहे. आम्हाला दिसलं ते मध्ये हिरवं, मग पिवळं, कडेला नारिंगी. अतिशय देखणं, पहिल्यांदा पाहणाऱ्याला काही बिघडलंय हे कळणारही नाही. रंग बदलला कारण कुंडाच्या तळातली तोंडं कचऱ्यानं अडली, गरम पाण्याचा पुरवठा कमी झाला, कुंड थोडं थंड झालं आणि आजवर फक्त कडेला तग धरणारे रंगीत जीवाणू आत सरकले. १९५० साली पाण्याची पातळी खाली आणून ते मुद्दाम उसळवलं गेलं. तेव्हा मोजे, टॉवेल, रुमाल निघाले, आणि नाणी निघाली. नुसत्या एक सेंटच्या नाण्यांचेच ८६ डॉलर २७ सेंट भरले. म्हणजे ८,६२७ नाणी.

त्या काळी मुख्य रस्ता कुंडाच्या काठाशी होता. गाडी थांबवायची, उतरायचं, नाणं टाकायचं, पुढे जायचं. १९७१ साली रस्ता लांब हलवला आणि त्रास बराच कमी झाला. चालत यावं लागलं की माणसाचं वागणं बदलतं, असं मला तिथे उभं राहून वाटलं. चालून थकलेले पाय वेगळेच वागतात.

भाच्याच्या खिशात काहीतरी वाजलं. त्याचा हात खिशात होता. ‘‘मावशी, मी टाकणार नाहीये,’’ तो म्हणाला, ‘‘पण मला कळलं त्यांनी का टाकलं. ते इतकं छान आहे, की आपण नुसते बघून निघून गेलो तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.’’

दुपारनंतर मिडवे बेसिन. ‘ग्रँड प्रिझमॅटिक’ हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं उष्णोदकाचं कुंड, साधारण ११० मीटर रुंद. मध्यभागी पाणी इतकं तापलेलं की त्यात फारसं काही जगत नाही, म्हणून स्वच्छ निळं. बाहेर सरकावं तसं पाणी निवतं आणि प्रत्येक तापमानाला आपापले सूक्ष्मजीव : पिवळे, केशरी, विटकरी. काठापासून बाहेर त्यांची मऊ, सुरकुतलेली साय पसरलेली असते, वर दोन बोटं पाणी. त्यावर बुटाचा ठसा उठला तर तो वर्षानुवर्षं दिसत राहतो. २०१४च्या ऑगस्टमध्ये, उद्यानांत ड्रोनवर बंदी आल्यानंतर दोनेक महिन्यांतच, एका पर्यटकाचा ड्रोन या कुंडात पडला. त्यालाही चांगलं छायाचित्रच हवं होतं.

इथे वारा फार. एका झोतात माझी टोपी उडाली आणि फळ्यांपासून दोन हातांवर त्या केशरी सायीवर जाऊन बसली. बहीण किंचाळली, ‘‘ताई!’’ तिनं माझा दंड धरला तेव्हा मला समजलं, माझा उजवा पाय फळीच्या कडेबाहेर होता.

मी सकाळपासून सगळं वाचलं होतं. पाट्या, इतिहास, त्या तरुणाचं मरण. नाणी टाकणाऱ्यांवर मनातून रागावले होते. आणि तरी पाय निघाला. त्यात विचार नव्हताच. टोपी उडाली, हात गेला, पाय गेला. विचार त्याच्या नंतर आला. वरचा कवच भासणारा थर कित्येक ठिकाणी पापडासारखा पातळ असतो, खाली उकळतं पाणी. मला काही झालं नसतं तरी त्या सायीवर माझ्या बुटाचा ठसा राहिला असता, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी तो बघून ‘काय ही माणसं’ म्हटलं असतं.

बराच वेळ माझे हात थरथरत होते. खाली भेटलेल्या रेंजरला टोपीची जागा दाखवली. त्यानं नोंद करून घेतली आणि म्हणाला की अशा टोप्या रोज उडतात; त्यांची माणसं लांब दांड्याच्या चिमट्यानं त्या काढतात, तेही सायीला धक्का लागणार नसेल तेव्हाच. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या सायीबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. इथून जवळच्या ‘मशरूम स्प्रिंग’मधून १९६६ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जीवाणू मिळवला, ‘थर्मस ॲक्वाटिकस’. सत्तर अंशांच्या पाण्यात सुखानं वाढणारा. त्यात औषध, उद्योग असं काही शोधायला ते गेले नव्हते. एवढ्या उष्णतेत जीव कसा राहतो याचं कुतूहल होतं. पुढे याच जीवाणूतलं उष्णता सोसणारं विकर (एन्झाइम) पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्रासाठी, वापरात आलं. त्या तंत्राला १९९३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि कोविडच्या काळात आपल्या नाकातल्या नमुन्याची तपासणी झाली ती याच तंत्रावर. ब्रॉकही त्याच आश्चर्यानं वाकले होते, ज्यानं नाणी टाकणारे वाकले. ते थांबले, बघत राहिले, आणि अगदी थोडं घेऊन गेले.

तिसरा दिवस

दिवसभर गाडी. वाटेत मैलोन्‌मैल एकाच उंचीचं लॉजपोल पाइनचं रान लागतं; मध्येच जुने करडे, जळके खांब. १९८८च्या वणव्यांत उद्यानाचा ३६ टक्के भाग होरपळला. बरेचसे वणवे विजेनं लागले, पण सर्वांत मोठा, ‘नॉर्थ फोर्क’, हद्दीबाहेर लाकूड तोडणाऱ्यांनी टाकलेल्या सिगारेटनं पेटला. सप्टेंबरात तो ओल्ड फेथफुलपर्यंत आला होता आणि त्या महिन्यात बर्फ पडलं तेव्हा कुठे जोर ओसरला. या पाइनचे काही शंकू राळेनं बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनंच उघडतात. म्हणून हे सगळं रान एका वयाचं. भाच्यानं एक शंकू उचलला, उलटसुलट पाहिला आणि होता तिथेच ठेवला. कुणी सांगावं लागलं नाही.

यलोस्टोन सरोवर २,३५७ मीटर उंचीवर आहे. पाणी शाईसारखं, पलीकडे ताज्या बर्फाची शिखरं. इथे माझं मन सर्वांत जास्त दुखलं, कारण इथलं नुकसान दिसतच नाही. १९९४ साली सरोवरात ‘लेक ट्राउट’ मासा सापडला. तो इथला नव्हे. कुणीतरी बेकायदा आणून सोडला. पकडायला मोठा मासा मिळावा म्हणून असेल. इथला मूळचा कटथ्रोट ट्राउट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, तिथे अस्वलं, पाणमांजरं, ऑस्प्रे पक्षी त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट कटथ्रोटला खातो आणि स्वतः खोल पाण्यात राहतो, त्यामुळे वरच्या कुणाच्याच तोंडी लागत नाही. क्लिअर क्रीक या एका ओढ्यात १९७८ साली ७० हजारांवर कटथ्रोट चढले होते. २००७ साली ५३८. दुष्काळ आणि एका रोगाचाही त्यात हात होता, पण मुख्य घाव या माशाचा. तेव्हापासून जाळी लावून चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत आणि काम अजून चालू आहे. एखादी बादली, एखादी संध्याकाळ, आणि तीस वर्षांची जाळी.

फिशिंग ब्रिजवर १९७३पासून मासेमारी बंद आहे. पुलावर ओणवून पाहिलं, तर प्रवाहाला तोंड करून तीन कटथ्रोट स्थिर उभे. आम्ही ते तीन मासे अर्धा तास पाहिले.

हेडन खोऱ्यात संध्याकाळी एक ग्रिझली दिसला, नदीपलीकडे, दुर्बिणीतून गव्हाळ ठिपका, जमीन उकरत असलेला. एकेकाळी इथल्या कचऱ्याच्या खड्ड्यांभोवती प्रेक्षकांसाठी बाक मांडलेले असायचे आणि अस्वलांना उष्टं खाताना पाहायला लोक जमायचे. रस्त्यावर गाडीच्या काचेतून त्यांना भरवायचे. १९३१ ते १९६९ या काळात वर्षाला सरासरी ४८ माणसं अस्वलांकडून जखमी झाली. अस्वलं किती मारावी लागली असतील! १९७० साली खड्डे बंद झाले. आपल्यासमोरचं अस्वल मुळं उकरून खात होतं आणि त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

चौथा दिवस

अंधारात निघालो. डनरेव्हन खिंडीत रस्त्याच्या कडेला भुरभुरीत बर्फ होतं. लामार खोऱ्यात पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती एक फिकी रेघ. एका वळणावर आठदहा गाड्या आणि तिपायांवर लावलेल्या दुर्बिणी. लोक कुजबुजत होते. दूर एल्क नराची ती विचित्र, शिटीसारखी, शेवटी घोगरी होत जाणारी हाक.

याच खोऱ्यात, सोडा ब्यूटपाशी, १९२६ साली उद्यानातल्या शेवटच्या लांडग्यांना मारलं. तेही उद्यानाच्याच लोकांनी, आपण चांगलं काम करतोय या समजुतीनं. सत्तर वर्षं इथे लांडगा ओरडला नाही. मग १९९५ साली कॅनडातून १४ आणि १९९६ साली १७ लांडगे आणून सोडले. लांडगे आले आणि नद्यासुद्धा बदलल्या, अशी गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते. शास्त्रज्ञांत त्याबद्दल अजून वाद आहेत. मला त्या सोप्या गोष्टीची गरज वाटली नाही. ते परत आहेत, एवढं पुरेसं होतं.

शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं, काही न बोलता आपल्या तिपाईचे पाय आखूड केले आणि भाच्याला पुढे बोलावलं. तो डोळा लावून उभा राहिला. बराच वेळ. मग अगदी हळू म्हणाला, ‘‘चार आहेत. एक काळा.’’

माझी पाळी आली तेव्हा काळा लांडगा गवतात उभा होता, तोंडातून वाफ निघत होती. आमच्यात दीडदोन किलोमीटरचं अंतर असेल. त्यानं मान वर केली. हाक मात्र नंतर पोचली. तो गप्प झाला होता आणि ती अजून येतच होती, उतारावरून, नदीवरून. बहिणीचा हात माझ्या हातात होता. दोघींचेही हात गार पडलेले.

भाच्यानं डोळे पुसले. मी पुन्हा त्याला दुर्बिणीपाशी उभं केलं. चौघं रांगेनं उताराकडे चालले होते, शेवटचा थांबून वास घेत होता. मग तोही सेजच्या झुडपांमागे गेला.

ऊन पडलं. उतार रिकामा होता. नंतर अर्ध्या तासात दोन गाड्या आल्या, माणसं उतरली, काय दिसतंय विचारून आमच्यातच उभी राहिली. सगळ्या दुर्बिणी अजून त्याच झुडपांवर रोखलेल्या. कुणीही तिपाई आवरली नाही.